‘पोट्टं हुशार हाये, पण ध्यान नाई’

आपल्या जिल्ह्यात हे वाक्य कानावर पडले नाही असे घर क्वचितच असेल. पालकसभेत सर ते वडिलांना सांगतात, वडील पारावर सांगतात, आई घरी आलेल्या पाहुण्यांना सांगते. त्यात कौतुकही असते आणि तक्रारही. पोरगा शेजारीच उभा राहून ऐकत असतो. पुढे दहावी निघते, बारावी निघते, सीईटीत बरे पर्सेंटाइल पडतात आणि शेगावला, खामगावला, अकोल्याला किंवा थेट पुण्याला प्रवेश होतो. घरात पेढे वाटले जातात. पुढच्या वर्षी त्याच घरात कुणी निकालाचे नाव काढत नाही.

मधल्या काळात काय झालेले असते? पहिल्या सत्रात दोन विषय राहतात, दुसऱ्यात तीन. जर्नल वेळेवर पूर्ण होत नाही म्हणून अंतर्गत गुण जातात. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून जाते आणि विलंब शुल्क भरावे लागते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट पडून राहतो. हॉस्टेलची चावी हरवते, परीक्षेच्या दिवशी हॉलतिकीट खोलीवर राहते, पेपरात चौथा प्रश्न सुटूनच जातो. ‘उद्या सकाळी चारला उठून करतो’ असे रोज रात्री ठरते. घरून फोन आला की ‘निकाल लागला नाही अजून’ एवढेच सांगितले जाते. तिकडे वडिलांनी सोयाबीन पडत्या भावात विकून फी भरलेली असते, हे पोराला चांगले ठाऊक असते. म्हणूनच तो खरे सांगत नाही.

हे कुणा एका मुलाचे चरित्र नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारा, असे दोन-चार चेहरे त्यांना लगेच आठवतील. गावाकडे याची कारणे ठरलेली आहेत: मोबाइल, संगत, शहराची हवा. पुष्कळदा ती खरीही असतात. पण या मुलांपैकी काहींच्या बाबतीत कारण दुसरे असते, ते लहानपणापासून सोबत असते आणि त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. ते म्हणजे एडीएचडी, अर्थात अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता.

नाव थोडे फसवे आहे. या मुलांकडे लक्ष देण्याची ताकद नसते असे नाही. त्या लक्षाचा लगाम त्यांच्या हातात राहत नाही. हाच मुलगा रात्री बाराला लाइन आल्यावर शेतात जाऊन बिघडलेली मोटार उघडून बसला तर पहाट कधी झाली ते त्याला कळणार नाही. मात्र इंजिनिअरिंग मॅथ्सचे पुस्तक उघडायचे म्हटले की दोन तास नुसते ‘आता बसतो, आता बसतो’ करण्यात जातात. बघणाऱ्याला वाटते, आवडीचे जमते म्हणजे बाकीचा आळस आहे. इथेच सगळ्यांची फसगत होते. आवडीच्या, ताज्या, किंवा अगदी गळ्याशी आलेल्या कामावर मेंदू आपोआप गुंततो. जे काम कंटाळवाणे आहे, ज्याचे फळ सहा महिन्यांनी मिळणार आहे, तिथे मेंदूच्या पुढच्या भागाला कारभाऱ्याचे काम करावे लागते. सुरुवात करायची, वेळेचा अंदाज घ्यायचा, तीन सूचना एकाच वेळी डोक्यात धरून ठेवायच्या, मध्येच आलेला विचार बाजूला सारायचा. एडीएचडीत हा कारभारी ढिला असतो. डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन या रसायनांमार्फत चालणारी मेंदूतली यंत्रणा इथे वेगळी वागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००७ साली मुलांच्या मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी इतर मुलांमध्ये सरासरी साडेसातव्या वर्षाच्या सुमारास कमाल होते. एडीएचडी असलेल्या मुलांत तो टप्पा साडेदहाच्या आसपास आला. म्हणजे वाढ होते, पण सुमारे तीन वर्षे उशिरा.

हा मोबाइलच्या जमान्यातला आजार आहे, असेही नाही. लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन १९०२ साली व्याख्यानांतून केले होते. शिवाय यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात धरला जातो. डॉक्टरांकडे मुलाला घेऊन आलेले वडील लक्षणे ऐकून म्हणतात, ‘मीही लहानपणी असाच होतो, मला काय झालं?’ आणि शेजारी बसलेली आई त्यांच्याकडे नुसती बघते. पाच धंदे करून पाहिलेले, दर महिन्याला गाडीची चावी हरवणारे, मनाने मोठे पण पाच मिनिटांत भडकणारे असे काका-मामा आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. त्यांच्या काळी कुणी नाव दिले नाही, एवढेच.

मग हे कॉलेजातच का उघडे पडते? कारण बारावीपर्यंत त्या मुलाचा कारभार त्याच्या मेंदूबाहेरची माणसे बघत असतात. आई पाचला उठवते. एसटी सव्वासहालाच निघते, ती चुकली तर दुसरी नाही. क्लासवाले दर रविवारी टेस्ट घेतात आणि गुण वडिलांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतात. वही तपासली जाते, डबा भरून मिळतो, झोपायची वेळ घर ठरवते. लातूर किंवा अकोल्याच्या क्लासच्या शिस्तीत तर श्वास घ्यायलाही वेळापत्रक असते. अशा पराती-बांबूवर उभी असलेली भिंत पाहून सगळ्यांना वाटते, भिंत पक्की आहे. कॉलेजला गेल्यावर तो सगळा बांबू एका आठवड्यात निघतो. कुणी उठवत नाही, कुणी विचारत नाही, परीक्षा चार महिने लांब असते. इतर मुलेही अडखळतात, पण दिवाळीपर्यंत सावरतात. हा मुलगा सावरत नाही, आणि का सावरत नाही हे त्यालाही सांगता येत नाही.

मुलींची गोष्ट आणखी अवघड. मुलांत चंचलता दिसते, खोड्या दिसतात, म्हणून निदान शिक्षकांच्या तोंडी तरी येते. मुलींमध्ये बऱ्याचदा चंचलता बाहेर दिसत नाही. ती वर्गात शांत बसलेली असते आणि मनाने दुसरीकडे असते. घरी तिला ‘वेंधळी’ म्हणतात, दूध उतू गेले म्हणून रागावतात. ती दुप्पट कष्ट करून, रात्री जागून इतरांच्या बरोबरीने राहते आणि त्या ओझ्याखाली विझत जाते. डॉक्टरांपर्यंत पोहोचलीच तर नैराश्य किंवा चिंता यासाठी पोहोचते. आणि एकदा दोन विषय राहिले की तिला दुसरी संधी मिळेलच असे नाही. ‘शिक्षणात तिचे मन नाही’ असे ठरवून स्थळे बघायला सुरुवात होते. मुलाचे एक वर्ष वाया जाते, मुलीचे शिक्षणच थांबते.

हे किती जणांचे दुखणे आहे? जगभरातील पाहण्यांवरून मुलांमध्ये एडीएचडीचे प्रमाण सुमारे ५ टक्के आणि प्रौढांमध्ये सुमारे अडीच टक्के मानले जाते. कॉलेजचे वय या दोन्हींच्या मधले. अडीच टक्के धरले तरी दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात पन्नास जण होतात. त्यातल्या किती जणांचे निदान झालेले असते? आपल्या भागात बहुतेक एकाचेही नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. आजकाल तीस सेकंदांची रील बघून ‘मलाही एडीएचडी आहे’ असे म्हणणारे पुष्कळ झाले आहेत. लक्ष लागत नाही याची कारणे डझनभर असू शकतात. झोप अपुरी, रक्तात लोह कमी, थायरॉइड बिघडलेले, घरातली भांडणे, प्रेमभंग, नैराश्य, गांजा. एडीएचडीचे निदान करताना डॉक्टर काही गोष्टी हटकून तपासतात. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी होती का? ती एकाच ठिकाणी दिसतात की घर, वर्ग, मित्र अशी सगळीकडे? त्यांच्यामुळे प्रत्यक्ष नुकसान होते आहे का? सतरा वर्षांपुढच्या व्यक्तीत नऊपैकी किमान पाच लक्षणे भरावी लागतात, लहान मुलांत सहा. यासाठी रक्ताची तपासणी नाही, एमआरआयही लागत नाही. लागते ती नीट विचारपूस. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतले जुने प्रगतिपुस्तक इथे लाखमोलाचे ठरते. ‘हुशार, पण बडबड्या’, ‘गृहपाठ अपूर्ण’, ‘वर्गात लक्ष द्यावे’ असे गुरुजींनी चौथीत लिहिलेले तीन शब्द डॉक्टरांचे अर्धे काम करून टाकतात.

पण डॉक्टरांपर्यंत जायचे कसे? बुलढाणा जिल्ह्यात मनाच्या आजाराचे नाव काढले की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे सैलानीची यात्रा येते. साखळदंड, अंगात येणे, दूरदूरच्या राज्यांतून आणलेले रुग्ण. लोकांच्या श्रद्धेविषयी इथे काही म्हणायचे नाही. मात्र या चित्राचा एक परिणाम असा होतो की ‘मनोविकारतज्ज्ञाकडे चल’ म्हटले की घराला वाटते, आपल्या पोराला वेडा ठरवले. इंजिनिअरिंग करणाऱ्या, हसऱ्या, चार मित्र असणाऱ्या मुलाचा आणि त्या दाराचा काही संबंध असू शकतो, हेच पटत नाही. चष्म्याच्या डॉक्टरकडे जाताना कुणी लाजत नाही. हे त्याहून फार वेगळे नाही.

औषधांविषयी समज आणि गैरसमज दोन्ही खूप आहेत. यावर सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे मेथिलफेनिडेट. ते १९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले आणि रिटा या टोपणनावाच्या आपल्या बायकोवरून त्याला ‘रिटालिन’ हे नाव दिले. ते उत्तेजक वर्गातले आहे, आणि उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसे होते, असे कोडे पालकांना पडते. औषध त्या ढिल्या कारभाऱ्याला जागे करते, असे समजावे. तासाभरात परिणाम दिसतो आणि काही तासांनी उतरतो. भूक कमी होणे, झोप लांबणे, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणे हे त्याचे त्रास. म्हणून हृदयाचा काही इतिहास असेल तर आधी सांगावा. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध उत्तेजक नाही, पण त्याचा पूर्ण परिणाम यायला काही आठवडे लागतात.

आता तालुक्याच्या गावातली अडचण बघा. मेथिलफेनिडेट हे आपल्या औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये येते. दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत हवी आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची. गैरवापर रोखण्यासाठी हे ठीकच आहे. परीक्षेच्या तोंडावर मित्राची गोळी मागून घेणारी मुले शहरांत आहेत, आणि तो प्रकार धोक्याचा आहे. पण परिणाम असा की मेहकर किंवा जळगाव जामोदच्या मेडिकलमध्ये हे औषध सहजासहजी मिळेल याची खात्री नाही. दर महिन्याला गोळ्यांसाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे, आणि ते कुणी? ज्याचा आजारच मुळी तारखा विसरण्याचा आहे त्याने! औषध सुरू करून दोन महिन्यांत सुटते ते कित्येकदा यामुळेच.

औषध न घेण्याचीही एक किंमत असते, आणि ती फक्त गुणपत्रिकेवर दिसत नाही. स्वीडनमध्ये १७ हजारांहून अधिक एडीएचडीग्रस्त प्रौढांच्या नोंदी तपासून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या व्यक्तींना गंभीर वाहन-अपघातांचा धोका इतरांपेक्षा जास्त होता, आणि पुरुषांच्या बाबतीत औषध चालू असलेल्या काळात हा धोका निम्म्याहून अधिक घटलेला दिसला. रोज मोटारसायकलवर चाळीस किलोमीटर ये-जा करणाऱ्या आपल्या पोरांच्या आई-बापांनी हा आकडा लक्षात ठेवावा असा आहे.

तरीही गोळी वेळापत्रक बनवून देत नाही, हेही तितकेच खरे. २०१० साली अमेरिकेत औषध घेत असूनही त्रास उरलेल्या प्रौढांवर एक चाचणी झाली. काहींना विशेष समुपदेशन दिले, काहींना शरीर शिथिल करण्याचे व्यायाम आणि माहिती. समुपदेशनाच्या गटाला लक्षणीय जास्त फायदा झाला. त्या समुपदेशनात शिकवतात तरी काय? ऐकून हसू येईल इतक्या साध्या गोष्टी. सगळ्या तारखांसाठी एकच वही. मोठ्या कामाचे वीस मिनिटांचे तुकडे. वाचताना मध्येच काही आठवले तर उठायचे नाही, बाजूच्या कागदावर लिहून ठेवायचे आणि तुकडा संपल्यावर बघायचे. साधे आहे म्हणून सोपे आहे असे मात्र नाही. पहिले काही महिने कुणीतरी सोबत लागते.

आणि ही सोबत घर देऊ शकते. मुलाजवळ कुणी नुसते बसले, आपापले काम करत बसले, तरी त्याचे काम सुरू होते, असा या मुलांचा नेहमीचा अनुभव आहे. आई गव्हातले खडे निवडते आहे आणि पोरगा समोर जर्नल लिहितो आहे, एवढे पुरते. हॉस्टेलला असेल तर रात्री आठला व्हिडिओ कॉल लावून ठेवायचा, बोलायचे काही नाही. ‘अभ्यास कर’ हे वाक्य त्याला हजार वेळा ऐकून झाले आहे, त्याने काही हलत नाही. ‘आज कोणत्या विषयाचे कोणते पान?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. फॉर्मची तारीख त्याच्या डोक्यात नको, भिंतीवर हवी, आणि तुमच्याही फोनमध्ये हवी. याला लाड म्हणायचे कारण नाही. ज्याला दूरचे दिसत नाही त्याला फळ्याजवळ बसवतो, तसेच हे. मात्र चोवीस तास पाळत ठेवू नका. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला विचारून, त्याच्याशी ठरवून हे करायचे आहे. त्याच्या पाठीमागे त्याच्या मित्रांना फोन करून चौकशी सुरू केली की तो आणखी खोटे बोलायला शिकेल.

एका गोष्टीची वडीलमंडळींना कळकळीची विनंती. राहिलेल्या विषयांची बातमी कळेल त्या दिवशी हिशेब काढू नका. किती फी भरली, किती क्विंटल विकले, शेजाऱ्याचा पोरगा कुठे पोहोचला. या मुलांच्या भावना लवकर पेटतात आणि स्वतःविषयीचे मत आधीच तळाला गेलेले असते. एडीएचडीसोबत नैराश्य येण्याचे आणि आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण जास्त आहे, हे संशोधनातून वारंवार दिसले आहे. ज्या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांची इतकी वर्षे पाहिली, तिथे कर्ज काढून शिकवलेल्या मुलाच्या मनावर काय ओझे असते हे वेगळे सांगायला नको. निकाल लपवणारा मुलगा निर्लज्ज नसतो. बहुतेक वेळा तो लाजेने अर्धा झालेला असतो.

आता कॉलेजांकडे वळू. प्रत्येक कॉलेजात कागदावर मेंटॉर-मेंटी योजना आहे. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक. नॅकची समिती येणार म्हटल्यावर त्याचे रजिस्टर कसे आणि किती वाजेपर्यंत बसून भरले जाते, हे प्राध्यापक मंडळी खासगीत हसत सांगतात. ती योजना खरी झाली तरी पन्नास मुलांचे वर्ष वाचेल. सत्राच्या शेवटी एकदम सबमिशन घेण्याऐवजी दर पंधरा दिवसांनी थोडे-थोडे घ्यायचे. सूचना तोंडी देऊन न थांबता लेखी लावायची. परीक्षेत अशा विद्यार्थ्याला खिडकीपासून आणि दारापासून दूर, पुढच्या बाकावर बसवायचे. जादा वेळ हा अनेकांना रामबाण वाटतो, पण एडीएचडीपुरते संशोधन त्याबाबत फारसे उत्साहवर्धक नाही. लक्ष भटकत असेल तर जादा वीस मिनिटेही भटकण्यातच जातात. शांत खोली जास्त उपयोगी.

सवलत म्हटले की ‘मग सगळेच दाखले आणतील’ अशी शंका येते. राज्यात खोट्या अपंगत्व प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आलेली असल्याने ती शंका अगदीच बिनबुडाची नाही. पण इथे मागणी कशाची आहे ते बघा. दर सोमवारी सकाळी सरांसमोर बसून आठवड्याची वही दाखवण्याची ‘सवलत’ मिळावी म्हणून खोटा दाखला काढणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे.

कायद्याची स्थिती मात्र अर्धवट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यंगत्वे नमूद आहेत. त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारखी अध्ययन-अक्षमता आहे. एडीएचडीचे नाव नाही. अध्ययन-अक्षमतेबाबत महाराष्ट्राने लवकर पाऊल उचलले होते. १९९६ पासून अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या आणि मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीची केंद्रे उभी राहिली. पण ही सोय मुंबई-पुण्याच्या मुलांना जितकी लाभली तितकी घाटाखालच्या मुलांना लाभली नाही, हे मान्य केले पाहिजे. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना अध्ययन-अक्षमताही असते, तेव्हा तपासणी करताना दोन्ही पाहून घ्यावे. दुसऱ्या नावावर निदान हक्काचा दाखला तरी मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. टक्केवारीपेक्षा अडचण बघा, हा त्या निकालाचा आशय एडीएचडीलाही लागू व्हायला हवा. त्यासाठी विद्यापीठाने स्वतःचा नियम करण्याची गरज आहे. अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतील कॉलेजांना एक परिपत्रक पुरेसे आहे.

दुसरा निकाल जुलै २०२५ चा आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. आपल्याकडची बहुतेक कॉलेजे या आकड्याच्या वरची आहेत. किती ठिकाणी नेमणूक झाली, हे पालकांनी विचारायला हरकत नाही. पगार परवडत नसेल तर एका गावातल्या तीन-चार कॉलेजांनी मिळून एक समुपदेशक ठेवावा. वार वाटून घेता येतात.

जिल्ह्यात साधनेच नाहीत, ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली त्यात बुलढाण्याचे एक आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी २०१५ साली चौदा जिल्ह्यांत सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पातही बुलढाणा होते. आशाताईंनी घरोघरी जाऊन ताण ओळखायचा, ही त्यातली कल्पना होती. तीच कल्पना कॉलेजच्या दारापर्यंत नेली तर? महिन्यातून एक दिवस जिल्हा रुग्णालयात फक्त सोळा ते पंचवीस वयोगटासाठी बाह्यरुग्ण विभाग ठेवावा. महिन्यातून एकदा मलकापूर, खामगाव, मेहकर इथेही डॉक्टर जावेत, म्हणजे संग्रामपूरच्या मुलाला राजूर घाट चढून यावे लागणार नाही. आणि शेड्यूल एक्सची औषधे सरकारी रुग्णालयाच्या औषधभांडारातून मिळण्याची व्यवस्था व्हावी. तिन्ही गोष्टी जिल्हाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पातळीवर सुरू करता येण्याजोग्या आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक दार किलकिले केले आहे, त्याची माहिती पालकांना फारशी नाही. मिळवलेले श्रेयांक आता बँकेत ठेवीसारखे जमा राहतात. पदवी अभ्यासक्रमात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येते आणि पुन्हा येता येते. एक सत्र कमी विषय घेऊन तब्येत सावरणे हे पूर्वीइतके ‘वर्ष वाया जाणे’ राहिलेले नाही. मात्र शिष्यवृत्तीचे नियम अजून जुन्याच चालीने चालतात. नापास झाला किंवा खंड पडला की नूतनीकरण अडते. आजारामुळे खंड घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी समाजकल्याण विभागाने वेगळा विचार करायला हवा.

दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी येतील. ज्या घरात हा लेख वाचताना कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे आला असेल, त्यांनी त्या मुलाशी किंवा मुलीशी एकदा निवांत बोलावे. जेवताना, सगळ्यांसमोर नको. प्रवास जमत नसेल तर सुरुवात फोनवरून करता येते. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. तिथून जवळच्या तज्ज्ञाचा पत्ता मिळतो. डॉक्टरांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके, कॉलेजच्या गुणपत्रिका आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी सोबत घ्यावी. लहानपणीचे ज्यांना आठवते अशा कुणाला, आईला किंवा आजीला, बरोबर न्यावे. आणि पुढच्या भेटीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर तिथल्या तिथे लिहून टाकावी.